बंद पडणारी पद्मिनी आणि बेंगळुरूचा जे. सी. रोड

बेंगळुरूला जाणारा मराठी पाहुणा ठरलेल्या गोष्टी बघून येतो. लालबाग, विधानसौध, बसवनगुडीचा भलाथोरला नंदी, एमटीआरचा डोसा. दोन दिवस उरले तर म्हैसूर. पण टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा एक रस्ता कुठल्याही सहलीच्या पत्रकात सापडत नाही. म्हैसूरच्या शेवटच्या महाराजांचं, जयचामराजेंद्रांचं नाव त्याला दिलंय. पण एवढं लांबलचक नाव घेणार कोण? सगळं शहर त्याला जे. सी. रोड म्हणतं.

एका टोकाला १९३५ सालचा, भक्कम दगडी खांबांचा टाऊन हॉल. जवळच टागोरांच्या जन्मशताब्दीनिमित्त बांधलेलं रवींद्र कलाक्षेत्र, जिथे संध्याकाळी कन्नड नाटकांना गर्दी होते. त्याच्या पुढे मात्र नाटक वेगळंच! रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारींचे सुटे भाग विकणारी दुकानं. बेअरिंग, ब्रेक शू, आरसे, सीट कव्हर, टायर, दिव्यांच्या काचा. आतल्या गल्ल्यांत शिरलात की पत्र्याच्या शेडमध्ये कुणी रेडिएटर झाळतोय, कुणी डायनॅमो गुंडाळतोय, तर कुणी नुसतंच बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभा आहे. माझा तिथला मुक्काम चांगला तीन दिवसांचा झाला आणि त्याला कारण होती भाऊजींची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी.

ताई आणि भाऊजी बसवनगुडीत राहतात. भाऊजी मूळचे दादरचे. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर भाऊजींनी ती भावाभावांच्या वाटणीत मागून घेतली आणि मुंबई-बेंगळुरू हा जवळजवळ हजार किलोमीटरचा रस्ता स्वतः चालवत आणली. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढची सलग सीट, तिच्यावर ताईने शिवलेला खादीचा अभ्रा. रविवारी सकाळी लालबागेपर्यंत आणि महिन्यातून एकदा नंदी हिल्सकडे, एवढंच तिचं काम. पण दीड-दोन वर्षांपासून तिने एक खोड धरली. रस्त्यावर पळताना झकास, सिग्नलला थांबली की धाप लागल्यासारखी थरथरायची आणि बंद! कधी पुन्हा लगेच चालू व्हायची, कधी पाच मिनिटं हलायची नाही. मधूनच उलटा प्रकार. पाय अॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन आपोआप वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर.

मुंबई-पुण्यात अशी गाडी एकवेळ खपवून घेता येईल. बेंगळुरूत नाही. इथे गाडी चालवणं म्हणजे बहुतेक वेळ गाडी थांबवून बसणं. सिल्क बोर्ड जंक्शन, हेब्बाळ, होसूर रोड ही नावं इथल्या माणसाच्या बोलण्यात हवापाण्यासारखी येतात. अशा गर्दीत गाडी बंद पडली की मागचे हॉर्न, दुचाकीवाल्यांच्या नजरा आणि शेजारी बसलेल्या ताईचं मौन! तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “अहो, आता विकून टाका हिला. नाहीतर मला रिक्षाने जाऊ द्या.”

विकायचं म्हणजे कुणाला, तर भंगारवाल्याला. तारीखही समोर दिसत होती. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं होतं. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांचं ५,००० झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,०००वर गेलं. वर प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र हवं. आणि गंमत अशी की पेट्रोल गाडीची ही तपासणी इंजिन स्लो चालत असतानाच होते. इतक्या जुन्या मोटारीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या आत लागतो. जी गाडी स्लोला उभीच राहत नाही, तिचा धूर मोजणार कसा?

भाऊजींनी प्रयत्न केले नव्हते असं नाही. घराजवळच्या एका गॅरेजने आधी चारही प्लग बदलले, मग कॉइल, मग कंडेन्सर. प्रत्येक वेळी कार्बोरेटर उघडून साफ केला आणि प्रत्येक वेळी गाडी आठ दिवस गुणी बाळासारखी चालली. नवव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी निकाल आला की कार्बोरेटर गेला, नवा टाका आणि तरी नाही जमलं तर इंजिन उतरवावं लागेल. त्या खर्चाचा आकडा ऐकून भाऊजी घरी आले आणि त्यांनी गाडीवर कव्हर घातलं.

मग कुणीतरी जे. सी. रोडचं नाव सुचवलं.

तिथल्या एका आतल्या गल्लीत सत्तरीच्या आसपासचे एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांची बोली दख्खनी. कानाला पहिल्याच वाक्यात आपलेपणा वाटावा अशी, कारण ‘नको’ला ते ‘नक्को’ म्हणतात आणि हा शब्द दख्खनीने आपल्याच मराठीकडून घेतला आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. तेव्हापासून या गावात मराठी, कन्नड, दख्खनी एकमेकींच्या अंगणात वावरत आल्या आहेत. भाऊजींनी गाडीची कुंडली सांगायला सुरुवात केली तसे उस्ताद हसले. “कार्बोरेटर नक्को सार. पैले सुनो, बाद में खोलो.”

आणि त्यांनी खरोखर ऐकलं. बॉनेट उघडलं नाही, पाना हातात घेतला नाही. आधी भाऊजींनाच प्रश्न विचारले. गाडी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? ब्रेक मारताना, वळताना की नुसती उभी असताना? हेडलाइट लावल्यावर जास्त होतं का? पावसात? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती झटक्यात बंद होते की दम तोडत?

या शेवटच्या प्रश्नात अर्धं निदान असतं, हे मला तिथे उमगलं. दिव्याचं बटण दाबावं तसं इंजिन एका क्षणात बंद झालं, तर संशय विजेवर, म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, एखादी सैल वायर. पण इंजिन आचके देत, धापा टाकत बंद झालं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. भाऊजींची गाडी धापा टाकायची. म्हणजे गॅरेजने बदललेले प्लग, कॉइल आणि कंडेन्सर यांचा या दुखण्याशी बहुधा संबंधच नव्हता.

इथे थोडं गाडीच्या पोटात डोकावू या. पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. हे मिश्रण जुन्या गाड्यांत कार्बोरेटर बनवतो. गाडी पळते तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येतं. पण तुम्ही पाय काढला, इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर नुसतं गुरगुरत राहिलं की पेट्रोल येतं ते एका वेगळ्या, बारीक जेटमधून. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सुईचं नेढं बरं म्हणावं इतकं! मोठ्या जेटमधून जो कण सहज निघून जाईल, तोच या बारीक जेटच्या तोंडाशी अडकून बसतो. म्हणून पळताना झकास आणि सिग्नलला बंद. हवेचंही तसंच. पळताना कुठल्या फटीतून थोडी जादा हवा आत आली तर इंजिनाला पत्ताही लागत नाही. स्लोला मात्र तेवढीच हवा मिश्रणाचा पार बट्ट्याबोळ करते.

उस्तादांनी मग एक साधा कागद सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. धूर कागदाला ढकलत होता, मधूनच एखादा ठोका चुकत होता, पण कागद आत ओढला जात नव्हता. आत ओढला गेला असता तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, अशी शंका येते आणि मग खरंच इंजिनाचं काम निघतं. ती भीती गेली. नंतर रबरी पकडीने एकेका प्लगची वायर काढून बघितली. ज्या सिलिंडरची वायर काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर कामच करत नाही असं समजायचं. चारही वेळा आवाज बदलला. प्लग काढून पाहिले तर रंग बिस्किटासारखा असायला हवा तो पांढुरका. काजळी धरून काळे असते तर पेट्रोल जास्त. पांढुरके म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.

हे प्लग बघताना मला राहवलं नाही. याच शहराच्या आडुगोडी भागात १९५३ पासून ‘मायको’चा कारखाना उभा राहिला. स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे पंप ही त्याची ओळख. तुमच्या-आमच्या वडिलांच्या स्कूटरमध्ये जो मायकोचा प्लग असायचा, तो याच कंपनीचा. २००८ मध्ये मायको हे नाव जाऊन बॉश लिमिटेड झालं आणि आडुगोडीच्या त्या जागेवर २०२२ मध्ये ‘स्पार्क’ याच शब्दावरून नाव घेतलेला तंत्रज्ञान-परिसर सुरू झाला. पण बसवाल्यासाठी अजूनही तो मायकोच आहे आणि मायको लेआउट नावाची वस्ती तर आहेच.

आणि भाऊजींच्या गाडीचं या गावाशी नातं त्याहूनही जुनं आहे! पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी करून पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात भारतात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. मुंबईत कारखाना काढायचा विचार झाला, म्हैसूर संस्थानाशीही बोलणी झाली, पण ब्रिटिश सरकारने काही दाद दिली नाही. युद्धामुळे झालं भलतंच. वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली ती १९४४ मध्ये, मुंबईत. कुर्ल्याच्या त्याच कारखान्यात फियाट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. फासे जरा वेगळे पडते तर पद्मिनी बेंगळुरूची लेक ठरली असती. मुंबईत तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा शेवटचा दिवस ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. जे. सी. रोडच्या गल्ल्यांत मात्र तिचे सुटे भाग अजून हुडकता येतात. दुकानदार आधी नाही म्हणतो, मग माळ्यावर चढतो.

असो. उस्तादांनी कार्बोरेटर खोलला आणि त्याच्या कटोरीतलं, म्हणजे फ्लोट असतो त्या भांड्यातलं पेट्रोल एका पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत ओतलं. चहाचीच बशी, पण पांढरी म्हणून राखून ठेवलेली. पेट्रोल स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ते तसंच ठेवून दिलं, आम्हाला चहा पाजला. पाच मिनिटांनी बशीच्या तळाशी काळे कण बसलेले होते. काजळाच्या कणांइतके बारीक. बोटाने चोळले तर डाग पडला.

“अब फिल्टर देखो,” उस्ताद म्हणाले. फिल्टर पारदर्शक प्लास्टिकचा. त्यात घाण अजिबात नाही. लख्ख.

आता वाचकांनीच विचार करावा. टाकीत घाण असती तर ती आधी फिल्टरमध्ये अडकली असती. फिल्टर साफ आणि कटोरी मात्र गढूळ. तर मग घाण येते कुठून? “फिल्टर साफ, कटोरी गंदी. बीच में क्या है?” उस्तादांनी विचारलं आणि स्वतःच पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या वीतभर रबरी होज पाइपवर बोट ठेवलं. बाहेरून तो ठणठणीत होता. त्यांनी तो काढला, ब्लेडने उभा चिरला आणि पुस्तकासारखा उघडला. आतलं रबर मऊ पडून लोण्यासारखं झालं होतं. बोट फिरवलं की काळं. दर आठ दिवसांनी हाच पाइप बारीक जेटमध्ये एकेक कण पाठवत होता. कार्बोरेटर साफ केला की आठ दिवस आराम का पडायचा आणि नवव्या दिवशी दुखणं परत का यायचं, याचा उलगडा त्या वीतभर पाइपात होता. नवा कार्बोरेटर टाकला असता तर तोही आठ दिवस छान चालला असता!

रबर एवढं मऊ का पडावं? वय हे एक कारण आहेच. दुसरं कारण पेट्रोल पंपावर आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता उसापासून, धान्यापासून केलेलं इथेनॉल मिसळलेलं असतं. वीस टक्के इथेनॉलचं ‘ई-२०’ पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात सुरू झालं आणि तो समारंभ झाला बेंगळुरूतच. २०२५ मध्ये देशभर सरासरी वीस टक्क्यांपर्यंत मजल गेली. ऊसवाल्या आपल्या महाराष्ट्राला याचा फायदाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९८६ सालच्या गाडीचं रबर बनवताना इथेनॉलचा विचार कुणी केलेला नव्हता. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा होतो. हवेतलं पाणीही ते ओढून घेतं. त्यामुळे महिनाभर अर्ध्या टाकीनिशी उभ्या राहिलेल्या गाडीत तळाला पाणी साचू शकतं आणि तेही गाडी बंद पाडायला पुरेसं असतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि पॅकिंग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. काम स्वस्तातलं आहे, हेही सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. फक्त ते कुणीतरी वेळेवर करायला हवं.

बंद पडण्याचं कारण सापडलं. पण इंजिन आपोआप वर-खाली होत होतं, त्याचं काय? गॅरेजवाल्याला इथे थांबायचा मोह झाला असता. उस्तादांना नाही झाला. त्यांचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग गाडी चालू करून ऐकायचं, मगच पुढची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दुखणं कुठलं होतं ते कधीच कळत नाही. नवा होज लावून, जेट फुंकून गाडी चालू केली. आता ती बंद पडेना. पण आवाज अजून समुद्राच्या लाटेसारखा वर-खाली होत होता.

मग त्यांनी एका बाटलीत साधं पाणी घेतलं. नवऱ्यामुलाच्या डोळ्यांना पाणी लावावं इतक्या हलक्या हाताने त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो इंजिनावर बसतो त्या सांध्यावर थेंब सोडले. एका कोपऱ्यावर थेंब पडताच सूं असा आवाज आला, पाणी आत खेचलं गेलं आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला. तिथे फट होती. (काही मिस्त्री या तपासणीला पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर पेट्रोल! घरी कुणी असलं धाडस करू नये.)

फट का पडली, तेही दिसलं. कार्बोरेटर दर आठ दिवसांनी काढायचा आणि बसवताना नट ताकदीने आवळायचे, या प्रकारात त्याचं बूड किंचित वाकलं होतं. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ते, किती सोसणार? उस्तादांनी काचेच्या जाड तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरला आणि कार्बोरेटरचं बूड त्यावर गोल गोल घासलं. घासायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. चाळीस मिनिटं हेच. मधून अजान झाली, ते नमाजाला जाऊन आले, पुन्हा घासायला बसले. शेवटी बूड काचेवर असं बसलं की खालून प्रकाशाची रेघही दिसेना. नवं पॅकिंग घातलं, नट दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून, बेताने आवळले.

आता राहिला स्क्रू. कार्बोरेटरला दोन असतात. एकाने स्लो किती ठेवायचं ते ठरतं, दुसऱ्याने मिश्रण. बहुतेक जण सगळ्यात आधी हेच पिळतात आणि मूळ दुखणं झाकून टाकतात. उस्ताद सगळ्यात शेवटी त्यांच्याकडे वळले. बेंगळुरूत याला आणखी एक पदर आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर. इथली हवा मुंबईपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ. दादरला जुळवलेला कार्बोरेटर इथे आणला की मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त होतं. उलट इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, त्यामुळे त्याने मिश्रण उलट्या दिशेला, पातळाकडे झुकतं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. बेंगळुरूचं एक लाडकं वाक्य आहे, “स्वल्प अड्जस्ट माडि”, म्हणजे थोडं जुळवून घ्या. बसमध्ये तिसरा माणूस बसवताना ते म्हणतात. उस्तादांनी मिश्रणाचा स्क्रू चौथाई फेरी फिरवला, कान लावला, परत आठवा हिस्सा मागे आणला आणि हेच वाक्य गाडीला ऐकवलं.

होज, क्लिपा आणि पॅकिंग मिळून चारशे रुपयांच्या आत झालं. मजुरी त्यांनी सांगितली त्यापेक्षा भाऊजींनी जास्त दिली आणि उस्तादांनी ती दोनदा नको म्हणून घेतली. नवा होज निवडताना मात्र त्यांनी खळखळ केली नाही, महागातला घ्यायला लावला. इंजेक्शनच्या गाड्यांना लागतो तो, इथेनॉल चालतं असं छापलेला. खुल्या बाजारात वारावर मिळणारा काळा पाइप पाण्याचा की पेट्रोलचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे पद्मिनी आहे? आमची पंधरा-अठरा वर्षांची इंजेक्शनची गाडी. दुखणं तेच असू शकतं, जागा वेगळ्या. या गाड्यांत जेटऐवजी थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी काजळी साचते आणि स्लोची हवा अडते. स्लो सांभाळणारी छोटी झडप चिकटते. हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर किंवा नळी सैल होते. रबरी नळ्यांना चिरा पडतात, त्या इथेही पाण्याच्या थेंबाने सापडतात. २०१०नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्कॅनर लावता येतो आणि तो एक क्रमांक सांगतो. तो क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, नुसता पत्ता असतो. सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सरच बदलायचा, ही नव्या जमान्यातली ‘कार्बोरेटर गेला’ची आवृत्ती आहे. आधी त्याची वायर आणि नळी बघायला सांगा. आणि गॅरेजात जाण्याआधी चार दिवस वहीत टिपून ठेवा, गाडी कधी बंद पडली, थंड होती की गरम, एसी चालू होता का, झटक्यात गेली की दम तोडत. चांगला मिस्त्री ती वही आनंदाने वाचेल. जो वाचणार नाही, त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी मुद्दाम संध्याकाळच्या गर्दीत काढली. मिनर्व्हा सर्कल, मग लालबाग, तिथून होसूर रोडने सिल्क बोर्ड. ताईही आली. मागच्या सीटवर बसली, म्हणाली, “बंद पडली तर मी उतरून सरळ चालू लागेन.” सिल्क बोर्डला आम्ही बावीस मिनिटं उभे होतो. इंजिनाचा काटा वर चढला, बॉनेटमधून ऊब येऊ लागली, शेजारच्या बसचा कंडक्टर वाकून गाडी बघत राहिला. पद्मिनी एका सुरात गुरगुरत होती. ताईने खिडकीची काच खाली केली आणि कंडक्टरला कन्नडमध्ये गाडीचं वय सांगितलं.

पुढच्या आठवड्यात धुराची तपासणी झाली. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बराच आत आला. नूतनीकरणाचा अर्ज भाऊजींनी त्याच दुपारी भरला. उन्हाळ्यात गाडी घेऊन दादरला जायचा त्यांचा बेत आहे, भावंडांना दाखवायला. उस्तादांना विचारायला गेले तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मुंबईत स्लो थोडं बदलल्यासारखं वाटेल, स्क्रूला हात लावायचा नाही. आणि परतताना बोरघाट दुपारी चढू नका. चढावाच लागला आणि उन्हाने तापून पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली, गाडी थांबली, तर घाबरायचं नाही. बाजूला घेऊन पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि दहा मिनिटं डोंगर बघत बसायचं. भाऊजींनी एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली आतापासूनच डिकीत ठेवून दिली आहे.